भोक कुणाचं

डुलूथला फेब्रुवारीत वारा सरोवरावरून येतो,
परवानगी न घेता.
चौथ्या मजल्याला अजून भिंती नाहीत,
प्लास्टिकचे पडदे फाडफाड वाजतात,
आणि मी, मार्लिस हौगेन, सरकारी तपासनीस,
गुडघे टेकून टेप धरते:
बावीस इंच बाय एकोणतीस.
खाली रुग्णाची खोली होणार आहे.
आत्ता नुसतीच खोली आहे,
चौदा फूट.

एलिसेओ त्झोक काल इथून खाली गेला,
जिप्समचा बोर्ड दोन्ही हातांनी छातीशी धरून.
बोर्ड त्याच्याहून उंच.
पुढचं पाऊल त्याला दिसायचं कारणच नव्हतं.
खुब्याचं हाड मोडलं. मणक्याविषयी
डॉक्टर अजून तोंड उघडत नाहीत.

भोक कुणाचं?

रे बोल्यू म्हणतो, पाडलं आम्ही, कबूल,
डक्ट जायचा होता.
पण प्लायवूड टाकलं होतं वर.
खिळे?
मारणारच होतो, तेवढ्यात खाली ट्रक आला.

प्लायवूड तिकडे, दोन घोड्यांवर,
वायरिंगवाल्यांचं टेबल झालेलं.
पोरगा त्यावर पाइप कापतोय, आत्ता, माझ्यादेखत.
म्हणतो, पडलेलं होतं, उचललं,
त्यावर काही लिहिलं नव्हतं.

ड्वेन कोल्स्टॅड, एलिसेओचा मालक,
फाइल उघडून बोट ठेवतो:
बाई, आम्ही भिंती करतो.
जमीन आमच्या करारात नाही.
(तुझी माणसं मग चालतात कशावर, ड्वेन?
हे मी विचारलं. उत्तराच्या जागी
त्याने वकिलाचा नंबर दिला.)

आणि ग्रेचन लिंडाल, सगळ्या इमारतीची मुखत्यार,
तिच्या वहीत मंगळवार, सात दहा,
चौथा मजला: ठीक. खाली सही, वळणदार.
लिफ्टवाला म्हणतो, मंगळवारी लिफ्ट
नऊपर्यंत बंद होती.
जिन्याने कोण चढतं इथे?

माझंही सांगून टाकते.
ही जागा माझ्या यादीत नोव्हेंबरपासून होती.

सगळ्यांनी काखा वर केल्यावर
कोपऱ्यातून झाडू थांबल्याचा आवाज आला.
पा न्हिया वू, रोजंदारीच्या कंपनीची, स्क्रू गोळा करणारी.
मला कुणी विचारलं नाही, म्हणाली,
म्हणून सांगते.

मी पाहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर.
बादली उपडी ठेवली काठाला,
झाडू आडवा टाकला, त्याला माझा नारिंगी रुमाल बांधला.
दोन तास सगळे वळसा घालून गेले.
एकानेही विचारलं नाही, बादली का आहे.
साडेतीनला व्हॅन आली.
आमच्याकडे बादल्या मोजून घेतात.
एक कमी भरली तर बारा डॉलर कापतात.

तिने बादली उलटी करून दाखवली.
बुडावर काळ्या शाईत
कंपनीचं पूर्ण नाव, फोन, आणि आकडा सात.

पावणेचारला एलिसेओ बोर्ड घेऊन निघाला.

कायदा इतका खुळा नाही.
एका भोकाला चार धनी असू शकतात, हे त्याला ठाऊक आहे:
ज्याने पाडलं, ज्याने माणूस पाठवला,
ज्याला बुजवता आलं असतं,
ज्याच्या हातात सगळ्यांना थांबवणं होतं.
मी रकाने भरते, शाई गोठते, पेन तोंडाजवळ धरून
वाफ देते, पुन्हा भरते.
जिने पाहिलं तिच्यासाठी
रकाना नाही. मी समासात लिहिते.

मग उठत नाही.
काठावरच बसून राहते,
पोरगा टेबल मोडेपर्यंत,
बोल्यू स्वतः खिळे आणेपर्यंत.
आठ ठोके. मी मोजले.
मार्कर काढते, प्लायवूडवर मोठ्या अक्षरांत लिहिते:
भोक. उचलू नये.

पा न्हिया जवळ येऊन वाचते, ओठ हलवत.
झाडूच्या टोकाने
पाटीखालची रिकामी जागा दाखवते.

आणि नाव?